सनओएस ४.१.४ वरून लेझरजेट ४एम वर छपाई: दोन क्यूंची मांडणी

सद्यस्थिती: स्पार्कस्टेशन २० (सनचं जुनं वर्कस्टेशन, त्यावर सनओएस ही सनची युनिक्स प्रणाली) वरून साधा मजकूर आणि पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची भाषा), दोन्ही एकाच 'एलपीआर' आज्ञेने ए४ कागदावर नीट छापलं जातंय. प्रिंटर एचपी लेझरजेट ४एम आहे. त्यात ६ एमबी मेमरी, पोस्टस्क्रिप्ट लेव्हल २ आणि एमआयओ स्लॉटमध्ये (एचपीचा जोड-कार्डांचा स्लॉट) जेटडायरेक्ट जे२५५२ हे नेटवर्क कार्ड. खाली लिहिलेलं सगळं बीएसडी घराण्याच्या (युनिक्सची एक शाखा) 'एलपीडी'ला लागू आहे, म्हणजे छपाईची कामं क्यूत (रांगेत) लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या डीमनला (मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमला). सोलॅरिस २ मध्ये सनने सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेची 'एलपी' व्यवस्था घेतली, तिथली पद्धत पूर्ण वेगळी आहे. या नोंदींचा तिथे फारसा उपयोग नाही.

आधी कोणत्या वाटेने जोडायचं ते ठरवावं लागतं. स्पार्कस्टेशन २० ला तिन्ही वाटा आहेत: सिरियल, पॅरलल आणि इथरनेट. सिरियलचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं. आठ ठिपक्यांचा एक बाइट धरला तर १०,८७,४८० बाइट. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे आकुंचन न केलेलं चित्राचं एक पान जायला जवळजवळ १९ मिनिटं. ६०० डीपीआयला तेच पान ४३,४९,९२० बाइटचं होतं आणि सव्वा तास घेतं. ६६ ओळींचा मजकूर मात्र पाच-सहा सेकंदांत जातो. त्यामुळे फक्त प्रोग्रॅम लिस्टिंग काढायची असेल तर सिरियल वाईट नाही. फक्त '/ईटीसी/टीटीवायटॅब' मध्ये त्या पोर्टवरचा लॉगिन 'ऑफ' हवा, नाहीतर 'गेटी' (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) आणि 'एलपीडी' एकाच पोर्टसाठी भांडतात. आणखी एक: या मशीनच्या एकाच २५ पिनी कनेक्टरमध्ये ए आणि बी दोन्ही सिरियल पोर्ट आहेत, बी हवा असेल तर वाय आकाराची स्प्लिटर केबल लागते. पॅरलल पोर्ट '/देव/बीपीपी०' या नावाने दिसतो. पीसीची नेहमीची २५ पिन ते ३६ पिन सेंट्रॉनिक्स केबल चालते आणि वेगही चांगला मिळतो.

आम्ही इथरनेट निवडलं, कारण तोच प्रिंटर दुसऱ्या मशीनलाही हवा होता.

केबल लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. अमेरिकेतून आलेला लेझरजेट असेल तर मागची व्होल्टेज पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. लेझर प्रिंटरचा फ्यूझर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) विशिष्ट व्होल्टेजसाठीच बनवलेला असतो. योग्य व्होल्टेजचा प्रिंटर असला तरी तो यूपीएसवर टाकू नये, फ्यूझर तापताना ओढतो तो करंट छोट्या यूपीएसला झेपत नाही. दुसरी गोष्ट वर्कस्टेशनमधली एम४८टी०८ चिप, जिच्यात घड्याळ आणि मशीनची ओळख (आयडीप्रॉम) असते. तिच्या आतली बॅटरी संपली की चालू करताना आयडीप्रॉम अवैध असल्याचा संदेश येतो आणि इथरनेटचा पत्ता सगळे एफएफ होतो. त्या अवस्थेत नेटवर्क धड चालत नाही, आणि माणूस उगाच प्रिंटरमध्ये दोष शोधत बसतो. चिप बदलून किंवा तिला बाहेरून सीआर२०३२ सेल जोडून ०८:००:२० ने सुरू होणारा पत्ता पुन्हा लिहून घ्या, मगच पुढे चला.

ऑनबोर्ड इथरनेट १० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स. आताचे काही मल्टिगिग स्विच १० चा वेग देतच नाहीत, दिवाच लागत नाही. मध्ये एखादा जुना १०/१०० चा स्विच टाकला की प्रश्न मिटतो. जेटडायरेक्टलाही तोच स्विच सोयीचा.

प्रिंटरचा आयपी पत्ता पॅनेलवरून देता येतो. एमआयओ मेनूत 'कॉन्फिग नेटवर्क' ला 'येस' करायचं, बूटपी (नेटवर्कवरून पत्ता मागण्याची पद्धत) बंद करायचं आणि पत्त्याचे चार बाइट एकेक करून भरायचे. ज्यांना बटणं दाबत बसायचं नाही त्यांच्यासाठी सनओएसमध्ये एक सुरेख सोय आधीपासून आहे: 'रार्पडी', म्हणजे हार्डवेअर पत्त्यावरून आयपी पत्ता सांगणारी (रार्प) सेवा. सनने ती डिस्कलेस मशीनसाठी ठेवली होती, आणि जेटडायरेक्टला रार्प कळतं. '/ईटीसी/ईथर्स' मध्ये कार्डाचा हार्डवेअर पत्ता आणि '/ईटीसी/होस्ट्स' मध्ये नाव व आयपी लिहिला की प्रिंटर चालू होताना पत्ता स्वतःच घेतो. हार्डवेअर पत्ता सेल्फ टेस्टच्या पानावर छापून येतो. रार्पमधून नेटमास्क किंवा गेटवे मिळत नाही, पण एकाच नेटवर्कमध्ये त्यांची गरज पडत नाही. 'होस्ट्स' मधली नोंद तर कसंही केलं तरी हवीच, कारण सनओएस ४ सुरुवातीला डीएनएसकडे जातच नाही.

क्यू बनवण्याआधी 'पिंग' करून 'इज अलाइव्ह' येतंय का बघा. मग 'टेलनेट'ने प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर जाऊन दोन ओळी टाइप करा आणि बाहेर पडा. पान आतच थांबलं तर पॅनेलवरून फॉर्म फीड द्या. इथवर ओळी कागदावर आल्या की वायर, पत्ता, कार्ड, प्रिंटर सगळं ठीक आहे, आणि यापुढचा दोष 'प्रिंटकॅप'मध्ये (क्यूंच्या नोंदी असलेली फाइल) किंवा फिल्टरमध्येच शोधायचा. ही पायरी टाळू नये.

आता मुख्य अडचण. 'प्रिंटकॅप'मध्ये 'आरएम' दिलं, म्हणजे काम दुसऱ्या मशीनच्या ५१५ पोर्टवर पाठवायचं ठरवलं, की बीएसडीचा 'एलपीडी' 'आयएफ' फिल्टर (छापण्याआधी फाइल प्रिंटरसाठी तयार करणारी स्क्रिप्ट) चालवतच नाही. फाइल जशी आहे तशी पुढे पाठवतो. कुठे चूक दाखवत नाही, लॉगमध्ये काही लिहीत नाही. परिणामी मजकूर पायऱ्यांसारखा उजवीकडे सरकत जातो, कारण युनिक्सच्या ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड असतो आणि प्रिंटरला कॅरेज रिटर्नही हवा असतो. फिल्टरमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी फरक पडत नाही, कारण त्याला कोणी हाकच मारत नाही. जेटडायरेक्टच्या 'टेक्स्ट' नावाच्या क्यूवर पाठवलं तर पायऱ्या जातात, पण पोस्टस्क्रिप्टची आणि चित्रांची वाट वेगळी ठेवावी लागते.

उपाय दोन क्यूंचा. पहिली क्यू स्थानिक असल्याचं सोंग घेते: तिचं उपकरण '/देव/नल', त्यामुळे फिल्टर चालतो. फिल्टर काम तयार करून दुसऱ्या क्यूवर टाकतो, आणि ती दुसरी क्यू ते प्रिंटरकडे पोचवते. नोंद अशी (इथे देवनागरीत दिलेली नावं आणि आकडे फाइलीत रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे):

लेझर|मजकूर आणि पोस्टस्क्रिप्ट:\
:एलपी=/देव/नल:एसडी=/व्हार/स्पूल/लेझर:\
:आयएफ=/यूएसआर/लोकल/लिब/लेझरफिल्टर:\
:एलएफ=/व्हार/एडीएम/लेझरलॉग:एमएक्स#०:एसएच:

कच्चा|थेट प्रिंटरकडे:\
:एलपी=:आरएम=लेझर४:आरपी=रॉ:\
:एसडी=/व्हार/स्पूल/कच्चा:\
:एलएफ=/व्हार/एडीएम/लेझरलॉग:एमएक्स#०:एसएच:

'कच्चा' मध्ये 'एलपी=' मुद्दाम रिकामं आहे. 'लेझर४' हे 'होस्ट्स' मधलं प्रिंटरचं नाव, आणि 'आरपी' म्हणजे पलीकडच्या क्यूचं नाव. उलट्या तिरक्या रेघेनंतर एखादी स्पेस राहिली तर नोंद तिथेच तुटते आणि डोळ्यांना दिसत नाही. 'व्हीआय'मध्ये 'सेट लिस्ट' करून बघा. दोन्ही स्पूल डिरेक्टऱ्या ('एसडी', कामं साठवायची जागा) हाताने बनवायच्या, मालक 'डीमन', परवानगी ७७५. लॉग फाइलही आधी 'टच' करून ठेवा. 'एलपीडी' ती स्वतः बनवत नाही, आणि फाइल नसली तर फिल्टरचे सगळे त्रुटिसंदेश हवेत जातात. 'प्रिंटकॅप' बदलल्यावर डीमन पुन्हा सुरू करण्याची गरज नसते, प्रत्येक कामाला ती नव्याने वाचली जाते.

'एमएक्स#०' हे दोन्ही क्यूंत पाहिजे. ते न दिल्यास फाइलीच्या आकाराची मर्यादा १००० ब्लॉकची, म्हणजे १०,२४,००० बाइटच्या आसपास. वरचा आकडा आठवा: ३०० डीपीआयचं पूर्ण ए४ चित्र १०,८७,४८० बाइटचं. म्हणजे पान जवळपास पूर्ण येतं आणि खालचे सुमारे १७ मिलिमीटर कापले जातात. प्रिंटरच्या मार्जिनचा दोष वाटावा इतकं ते फसवं असतं. 'एलपीआर' त्या वेळी 'कॉपी फाइल इज टू लार्ज' म्हणतो खरा, पण काम स्क्रिप्टमधून गेलं असेल तर तो संदेश कोणी वाचत नाही. आणि मर्यादा फक्त पहिल्या क्यूची काढली तर दुसरी तेच काम कापते.

फिल्टर बॉर्न शेलमध्ये आहे. आत येणारी फाइल आधी '/व्हार/टीएमपी' मध्ये साठवून मगच तिची पहिली दोन अक्षरं तपासायची. थेट इनपुटवर 'हेड' चालवलं तर ते एक ओळ दाखवतं पण पूर्ण ब्लॉक गिळतं, आणि छपाई मधूनच सुरू होते. पहिली दोन अक्षरं '%!' असली तर पोस्टस्क्रिप्ट. विंडोजवर तयार झालेल्या काही फाइलींत त्याच्या आधी कंट्रोल-डी असतो, तो 'टीआर'ने आधी काढून टाका. नाहीतर पानामागून पान पोस्टस्क्रिप्टचा प्रोग्रॅमच छापला जातो. हे 'टीआर' फक्त तपासणीच्या दोन अक्षरांवर आणि मजकुरी पोस्टस्क्रिप्टवर चालवा. आत बायनरी डेटा असलेल्या फाइलीतला प्रत्येक कंट्रोल-डी काढला तर चित्र बिघडतं.

पोस्टस्क्रिप्टच्या आधी एस्केप %-१२३४५एक्स, मग लगेच '@पीजेएल एंटर लँग्वेज=पोस्टस्क्रिप्ट' ही ओळ (पीजेएल म्हणजे एचपी प्रिंटरला भाषा बदलायला सांगणाऱ्या आज्ञा), आणि शेवटी पुन्हा एस्केप %-१२३४५एक्स. मजकुरासाठी एस्केप ई (रीसेट), एस्केप &एल२६ए (ए४ कागद) आणि एस्केप &के२जी. हा शेवटचा क्रम प्रत्येक लाइन फीडला कॅरेज रिटर्न जोडायला सांगतो, त्याने पायऱ्या जातात. यात 'एल' आणि 'के' लहान, बाकीची अक्षरं मोठी. ए४ चा क्रम विसरला आणि प्रिंटर लेटर आकारावर असला की पॅनेलवर 'पीसी लोड लेटर' येऊन सगळं थांबतं. यातला पीसी म्हणजे कागदाचा ट्रे.

हे एस्केप क्रम 'इको'ने पाठवू नका. सनओएसमध्ये 'इको' कसं वागेल ते 'पाथ'मध्ये '/यूएसआर/५बिन' आधी आहे की नाही यावर ठरतं, आणि फिल्टरला मिळणारा 'पाथ' तुमच्या शेलचा नसतो. 'व्हीआय'मध्ये कंट्रोल-व्ही आणि एस्केप दाबून छोट्या फाइली बनवा आणि त्या 'कॅट' करा. फिल्टरमधली प्रत्येक आज्ञा पूर्ण पाथने लिहा, '/यूएसआर/यूसीबी/एलपीआर' सुद्धा. 'कच्चा'वर टाकताना 'एलपीआर'ला 'एस' पर्याय देऊ नका; तो फाइलीची नक्कल न करता फक्त दुवा ठेवतो आणि तात्पुरती फाइल पुसली की छापायला काही उरत नाही.

शेवटची ओळ 'एक्झिट ०' हवी, आणि ती राहून जाणं हा या सगळ्यातला सर्वांत महाग दोष. 'एलपीडी' फिल्टरचा निकाल असा वाचतो: ० म्हणजे झालं, १ म्हणजे पुन्हा छाप, २ म्हणजे फेकून दे. स्क्रिप्टची शेवटची आज्ञा 'ग्रेप' किंवा 'टेस्ट' असेल आणि तिला काही सापडलं नाही तर निकाल १ येतो. मग तेच काम ट्रे रिकामा होईपर्यंत छापलं जातं. असं झालं तर आधी 'एलपीसी अबॉर्ट' (छपाई थांबवा), मग 'एलपीआरएम' (काम क्यूतून काढा). 'कच्चा'मधली कामं 'डीमन'च्या नावावर असतात, त्यामुळे ती रूटनेच काढावी लागतात.

अडलेलं काम 'एलपीक्यू'च्या (क्यूची स्थिती दाखवणारी आज्ञा) संदेशावरून ओळखता येतं. 'वेटिंग फॉर लेझर४ टू कम अप' म्हणजे जोडणीच होत नाही: पत्ता, केबल किंवा प्रिंटर बंद. 'वेटिंग फॉर क्यू टू बी एनेबल्ड' म्हणजे पलीकडे पोचलो, पण त्याने नकार दिला. बहुतेक वेळा 'आरपी'चं नाव चुकलेलं असतं. दोष दुरुस्त केल्यावर लगेच छापलं नाही म्हणून पुन्हा खोलात शिरू नका. 'एलपीडी' प्रत्येक अपयशानंतर दुप्पट थांबतो, २५६ सेकंदांपर्यंत. 'एलपीसी रीस्टार्ट' दिलं की तो ताबडतोब प्रयत्न करतो. प्रत्येक कामाआधी नावाचं पान येत असेल तर ते जेटडायरेक्ट छापतंय. टेलनेटने कार्डात शिरून 'बॅनर' ० करा.

देवनागरीचीही वाट मोकळी झाली आहे. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये केलेलं टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठीचं देवनागरी पॅकेज अशा मशीनवर बरोबर बसतं: 'देवनाग' प्रीप्रोसेसर, मग टेक, मग टेकच्या फाइलीचं पोस्टस्क्रिप्ट करणारा 'डीव्हीआयपीएस', आणि त्यातून निघालेलं पोस्टस्क्रिप्ट 'लेझर' क्यूवर. कंपाइल करायला जीसीसी घ्या, सनओएससोबत येणारं 'सीसी' जुन्या के अँड आर सीचं आहे. 'डीव्हीआयपीएस'च्या कॉन्फिगमध्ये 'एम ल्जेफोर' (रोमनमध्ये ljfour) आणि 'डी ६००' या ओळी हव्यात. मेटाफाँट (टेकसाठी फाँट बनवणारा प्रोग्रॅम) अक्षरांचे ठिपके त्या-त्या प्रिंटर इंजिनसाठी घडवतं. ३०० चा 'सीएक्स' मोड तसाच राहिला तर जोडाक्षरांतल्या बारीक रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळतात. 'ल्जेफोर'ने ६०० डीपीआयला क्ष, ज्ञ, द्ध स्वच्छ सुटे दिसतात. कागद ए४ ठेवायला 'टी ए४' हा पर्याय द्यायचा.

पुढचं काम: दुसऱ्या क्यूऐवजी फिल्टरमधून थेट ९१०० पोर्टवर पाठवणं. आता एका कामाच्या तीन प्रती डिस्कवर होतात, एक तात्पुरती आणि दोन स्पूलमध्ये. ६०० डीपीआयच्या मोठ्या कामांना ते जड जातं. त्यासाठी नेटकॅट (नेटवर्क पोर्टवर डेटा पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) वापरता येईल; त्याच्या १.१० आवृत्तीच्या मेकफाइलमध्ये सनओएसचं टार्गेट आहे. ९१०० वर प्रिंटरची उत्तरंही परत येतात, त्यामुळे पोस्टस्क्रिप्टच्या चुका लॉगमध्ये मिळतील.

ज्यांच्याकडे फक्त आताचा, आयपीपीवर (आजची नेटवर्क छपाईची पद्धत) चालणारा प्रिंटर आहे, त्यांनी मध्ये एक रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स संगणक) ठेवून त्यावर कप्स (लिनक्सची छपाई व्यवस्था) आणि 'कप्स-एलपीडी' चालवावं. डेबियनमध्ये ते 'कप्स-बीएसडी' पॅकेजमध्ये मिळतं. 'आरएम'मध्ये पायचं नाव, 'आरपी'मध्ये कप्समधल्या क्यूचं नाव, आणि वर्कस्टेशनवरून कायम पोस्टस्क्रिप्ट पाठवायचं. पीजेएलच्या ओळी तेव्हा फिल्टरमधून काढून टाका. 'कप्स-एलपीडी' कप्सचे परवानगीचे नियम पाळत नाही, म्हणून पायवर ५१५ पोर्ट फक्त वर्कस्टेशनच्या पत्त्यापुरता उघडा.