बॅटरी भरलेली होती

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये सोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवणं हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं ते सगळं छतावर चालतं, कारण पॅनेल तेवढी दिसतात. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ पलंगाखाली आडवा पडून जातो. हे प्रकरणही तिथेच सापडलं, आणि अजून डोक्यातून जात नाही.

काका-काकू निवृत्त. विजेची जोडणी नसलेल्या जागी मुक्काम करायचा, याच हौसेने त्यांनी ट्रेलर घेतलेला. तक्रार एकच: "बॅटरी टिकत नाही." आधीच्या कारागिराने यावर उपाय म्हणून आणखी एक १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी जोडून दिली होती. तरी किटली लावली की इन्व्हर्टर शिट्टी मारायचा आणि बंद पडायचा.

काकू निघता निघता सहज बोलल्या, "यांना झोपेत सीपॅप लागतं. पहाटे मी पाणी तापवायला किटली लावते, आणि यांचं मशीन बंद पडतं. मग दिवस उजाडेपर्यंत यांचा श्वास ऐकत बसते."

मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा बसायला सांगितलं. झोपेत श्वास अडतो म्हणून घेतलेलं यंत्र किटलीच्याच इन्व्हर्टरवर चालत होतं आणि आधी काम केलेल्या माणसाला ते माहीतच नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात "काय काय चालवायचंय?" असं सगळे विचारतात. "काय बंद पडून चालणारच नाही?" हे विचारणारे फार थोडे.

किटली लावून मोजमाप घेतलं. केबलभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या क्लॅम्प मीटरवर १५० अँपिअर. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मात्र १०.८, आणि आकडा हळूहळू उतरत होता. १०.५ ला इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. बॅटरी बिचारी उगाच बदनाम झाली होती. मधले दोन व्होल्ट वाटेतच गळत होते, आणि बॅटऱ्या कितीही वाढवल्या तरी ते गळतच राहिले असते.

केबल २५ स्क्वेअर एमएमची, आणि बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर पाच मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशोब दहा मीटरचा. एवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.००७ ओहम, म्हणजे १५० अँपिअरला जवळपास एक व्होल्ट तिथेच गेला. मग दुसरा कुठे जात होता? त्यासाठी पलंगाखालची प्लायवूडची फळी काढली.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला, टर्मिनलला जोडायचा धातूचा तुकडा, हातोडीने चेपलेला होता. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबलं की तारा आणि लग एकजीव होतात. हातोडीने ठोकला की आत पोकळी राहते. ती पोकळी तापते, तांबं काळं पडतं, रोध आणखी वाढतो, मग आणखी तापते. एक व्होल्ट आणि १५० अँपिअर म्हणजे दीडशे वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. केबलचं आवरण वितळून फळीला चिकटलं होतं. फळी तपकिरी झाली होती, आणि वर काकांची गादी.

फ्यूज तरी उडायला हवा होता. तो ३०० अँपिअरचा निघाला. काका म्हणाले, आधी १५० चा होता, सारखा उडायचा, म्हणून त्या कारागिराने मोठा टाकला. हे ऐकून मला खरोखर संताप आला. फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो. तो उडत होता म्हणजे आपलं काम चोख करत होता!

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला हे दाखवू नका. ती ट्रेलर विकायला लावेल." मला त्यांची भीती कळत होती, पण त्या गादीशेजारी झोपणाऱ्या माणसापासून हे लपवणं मला शक्य नव्हतं. जळका लग मी दोघांसमोर टेबलावर ठेवला. काकूंनी तो उलटसुलट पाहिला, विकायचं नावही काढलं नाही, आणि वही काढून मी जे सांगितलं ते लिहून घेतलं. काका मात्र नंतर माझ्याशी फारसे बोलले नाहीत. ते मला अजून लागून आहे.

इन्व्हर्टर बॅटरीपासून एका मीटरवर आणला. केबल ७० स्क्वेअर एमएमची, लग नीट दाबलेले, आणि बॅटरीला लागूनच २५० अँपिअरचा क्लास टी फ्यूज. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. हा फ्यूज २०,००० पर्यंतचा प्रवाह तोडतो. आता किटली चालू असताना केबलमधली घट ०.१ व्होल्टही नाही. सीपॅप इन्व्हर्टरवरून पूर्ण काढलं. कंपनीच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, बॅटरीवरून आलेली वेगळी लाइन आणि वेगळा फ्यूज. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर त्यांचं मशीन ३० वॉटच्या आसपास घेतं, आठ तासांत २४० वॉट-अवर. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीसेक वॉट खातो, म्हणजे रात्रभरात १६० वॉट-अवर फुकट. सगळ्या कामात मला या छोट्या लाइनचं समाधान सर्वांत जास्त आहे.

बिलावरच्या नंबरवर त्या कारागिराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "फ्यूज उडतो अशी तक्रार होती. आता उडत नाही ना?" असे आणखी किती ट्रेलर केलेस, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला.

ते ट्रेलर कुणाकडे आहेत, मला शोधता येणार नाही. म्हणून हे लिहितोय. तुमच्या ट्रेलरमध्ये इन्व्हर्टर असेल तर बॅटरीजवळच्या फ्यूजवरचा आकडा वाचा, केबलवर छापलेली जाडी वाचा. २५ स्क्वेअर एमएमच्या केबलवर १५० पेक्षा मोठा फ्यूज दिसला, किंवा लगजवळचं आवरण काळं, मऊ अथवा फुगलेलं दिसलं, तर इन्व्हर्टर बंद करा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय सुरू करू नका.