दोन तारखांमधले दिवस मोजताना: माझा अनुभव

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेचं ठेव-कर्जाचं वेबपेज माझ्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार एका ओळीची होती. निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेल्या एका सभासदांना तिथून ठेवीची मुदत एक दिवस कमी दिसत होती. इथे ऑफिसात तेच पान, तीच पावती, आणि दिवस बरोबर.

जावास्क्रिप्टचा कोड अगदी नेहमीचा होता. दोन तारखांचे डेट ऑब्जेक्ट बनवायचे, एकातून दुसरा वजा करायचा, आलेल्या मिलिसेकंदांना ८,६४,००,००० ने भागायचं आणि मॅथ डॉट फ्लोअरने अपूर्णांक छाटायचा. ठेव १ मार्च २०२४ ची, मुदत ३१ मार्चला पूर्ण. उत्तर ३० यायला हवं. मी लॅपटॉपचा टाइम झोन न्यूयॉर्कचा केला आणि फ्लोअर काढून भागाकार तसाच छापून पाहिला: २९.९५८. त्या वर्षी १० मार्चला अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली होती. म्हणजे तिथला तो दिवस २३ तासांचाच. तासभर कमी पडला आणि फ्लोअरने अख्खा दिवस खाल्ला.

फ्लोअरच्या जागी जवळचा पूर्णांक देणारं राउंड टाकून हे मिटलं असतं, पण मला ते पटेना. पावतीवर वेळ नसतेच, असते फक्त तारीख. आपण मात्र संगणकाला स्थानिक मध्यरात्रीचा एक क्षण देतो आणि दोन क्षणांतलं अंतर मागतो. प्रश्नच वेगळा विचारला जातो.

भारतात आपल्याला याची झळ बसत नाही, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मग जुन्या सभासदांची यादी चालवून पाहिली. ५ मार्च १९४४ ही जन्मतारीख घेतली, तर आजपर्यंतच्या दिवसांच्या मागे .०४१६ असं शेपूट आलं. एक भागिले चोवीस, म्हणजे बरोबर एक तास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, एरवीच्या साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे होतं. टाइम झोनच्या डेटाबेसमध्ये ती नोंद आहे आणि ब्राउझर ती इमानाने पाळतो. याच पानावर ज्येष्ठांच्या वयाच्या हिशेबात कुणीतरी अपूर्णांक वरच्या पूर्णांकात नेणारं मॅथ डॉट सील वापरलं होतं, त्यामुळे त्या काळात जन्मलेल्यांच्या खात्यात एक दिवस जास्तीचा जमा होत होता.

उपाय सोपा आहे. वर्ष, महिना, दिवस सुटे घ्यायचे आणि दोन्ही तारखा डेट डॉट यूटीसीला द्यायच्या. महिना शून्यापासून मोजला जातो, म्हणून मार्चसाठी २ द्यायचे. यूटीसीत घड्याळ मागेपुढे होत नाही, घड्याळात अधूनमधून घातला जाणारा लीप सेकंदही जावास्क्रिप्ट मोजत नाही, त्यामुळे भागाकार पूर्णांकातच येतो. तारीख मजकुराच्या रूपात येत असेल तर आणखी जपावं लागतं. ‘२०२४-०३-०१’ असा नुसता मजकूर डेटला दिला की तो यूटीसीची मध्यरात्र धरतो. भारतात ती पहाटे साडेपाच, म्हणून तारीख तीच दिसते. न्यू जर्सीत मात्र २९ फेब्रुवारीची संध्याकाळ.

सर्व्हरवर पीएचपी ही भाषा होती. तिथे दोन तारखांतला फरक देणारं डिफ वापरलं की जे मिळतं त्यात ‘डी’ आणि ‘डेज’ असे दोन आकडे असतात. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२४ मध्ये ‘डेज’ ९० आणि ‘डी’ ३०, कारण ‘डी’ म्हणजे दोन महिने वगळून उरलेले दिवस. ठेवीला ‘डेज’ लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फरक काढणारी दोन फंक्शन्स आहेत: डेटडिफला शेवटची तारीख आधी द्यायची आणि टाइमस्टँपडिफला सुरुवातीची. ही उलटापालट मी आता टेबलासमोर लिहूनच ठेवली आहे.

खरा वेळ गेला तो कर्जाच्या भागात. कर्जाचा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या महिन्यापर्यंत बसवायचा असतो, म्हणून उरलेली सेवा महिन्यांत हवी होती. जुना कोड जन्मतारखेत ६० वर्षं मिळवून त्या महिन्याचा शेवटचा दिवस काढत होता. व्यवस्थापक मॅडमनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. ‘‘अहो, यांचा जन्म एक जूनचा आहे. हे मेअखेरीस जाणार. तुमचं पान जूनअखेर दाखवतंय.’’ त्यांचं बरोबर होतं. नियमानुसार ज्या महिन्यात ६० वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्माचा दिवस पूर्ण धरला की साठावं वर्ष आदल्या दिवशीच भरतं. १ जून १९७० ला जन्मलेला ३१ मे २०३० ला निवृत्त होतो, २ जूनचा ३० जूनला. जन्मात एका दिवसाचा फरक आणि पगारात, हप्त्यात एका महिन्याचा!

कोडमध्ये ते असं बसवलं: जन्मतारखेतून एक दिवस वजा करायचा, ६० वर्षं मिळवायची, मग पुढच्या महिन्याची शून्यावी तारीख मागायची. जावास्क्रिप्ट शून्यावी तारीख म्हणजे आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस समजतं, त्यामुळे फेब्रुवारी २८ चा की २९ चा हे वेगळं तपासावं लागत नाही. हप्त्यांच्या तारखा मात्र नुसता महिना बदलणाऱ्या सेट-मंथने पुढे ढकलू नयेत. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की २ मार्च येतो आणि फेब्रुवारीचा हप्ताच गायब होतो.

दोन्ही टोकं धरायची का, हे मी लेखी मागून घेतलं. ठेवीत शेवटचा दिवस मोजत नाहीत, म्हणून १ ते ३१ मार्च म्हणजे ३० दिवस. रजेच्या अर्जात त्याच तारखांचे ३१ होतात. एकच फंक्शन दोन्हीकडे वापरलं जात होतं, ते मी तोडून दोन केली. आता चाचण्या कोलकाता (भारताच्या टाइम झोनचं डेटाबेसमधलं नाव) आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही टाइम झोनमध्ये चालतात, आणि १ जूनची ती जन्मतारीख यादीत सगळ्यात वर आहे.