शंभर मीटर म्हणजे किती?

एनसीसीच्या मुलांना मॅप रीडिंग शिकवायला मी धुळ्याबाहेर लळिंगच्या कुरणाकडे नेतो. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या आकड्यांनी जागा सांगणं, वर्गात पाठ होतो, पण जमिनीवर उभं राहिल्याशिवाय नकाशा अंगात मुरत नाही. त्या दिवशी भूगोल विभागातली सर्वेक्षण खात्याच्या नकाशाची एक जुनी शीट सोबत होती. आमचे हवालदार तोफखान्यातले. मुलं त्यांना उस्ताद म्हणतात.

एका तुकडीने शीटवरच्या एका विहिरीचे अक्षांश-रेखांश मोजून मोबाईलमध्ये टाकले आणि बाणामागे निघाली. पोचली ती ज्वारीच्या शेतात. विहीर शंभर मीटरहून लांब, बांधापलीकडे. दुसऱ्या तुकडीने होकायंत्रावर किल्ला आणि दोन टेकड्यांची बेअरिंगं, म्हणजे दिशांचे कोन, घेतली, त्या रेषा शीटवर उलट्या ओढून (याला रिसेक्शन म्हणतात) स्वतःची जागा काढली आणि तिथून सरळ विहिरीवर गेली.

“सर, मोबाईल खोटं कसाले सांगी?” पहिल्या तुकडीतल्या मुलाने विचारलं.

मोबाईल खोटा नव्हता, शीटही नाही. इंग्रज सर्वेक्षक लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासहून सुरू केलेल्या मोजणीवर पुढे एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार बसवला. तो 1830 चा. हिंदुस्थानच्या जमिनीला नीट बसणारा, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आरंभबिंदू मानणारा. मोबाईल चालतो डब्ल्यूजीएस-84 या दुसऱ्या आकारावर, जो साऱ्या जगासाठी पृथ्वीच्या मध्यापासून मोजला आहे. म्हणून त्याच विहिरीचे आकडे दोन्हींत वेगळे येतात आणि आपल्या भागात जमिनीवर तो फरक शंभर मीटरच्या वर जातो. रिसेक्शनवाल्यांना तो जाणवला नाही, कारण त्यांनी शीटवरच्या खुणांचं आपसातलं नातंच वापरलं होतं.

मी एवढं सांगून थांबलो असतो. उस्ताद पुढे आले.

“तोफ डोंगराआड असते. तोफेवरच्या जवानाला लक्ष्य दिसत नाही. पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यावर, बसलेले साहेब ग्रिड सांगतात, मागे हिशोब होतो, मग गोळा सुटतो. साहेबांचा नकाशा पृथ्वीच्या एका आकारावर आणि तोफेची जागा दुसऱ्या आकारावर काढली असेल, तर त्या शंभर मीटरवर कोण बसलंय ते मला सांगा.”

“आपलीच माणसं, उस्ताद,” एक मुलगी म्हणाली.

लष्करी नकाशा म्हटलं की लोकांना गुप्ततेचं आकर्षण वाटतं. मला वाटतं, त्याची खरी गोष्ट एकमताची आहे. 1767 मध्ये कंपनी सरकारने सर्वेक्षण सुरू केलं तेव्हा फौजेला रस्ते, नद्या, उतार हवे होते. पहिल्या महायुद्धात न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करायची पाळी आली आणि नकाशावर ग्रिडचे चौकोन आले. स्वातंत्र्यानंतर मैलाला इंच हे प्रमाण जाऊन 1:50,000 आलं. 2005 च्या धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या: सैन्यासाठी डिफेन्स सीरिज, आणि सर्वांसाठी डब्ल्यूजीएस-84 वरची ओपन सीरिज. दर बदलाच्या वेळी प्रश्न तोच असतो, मागच्याचा आणि पुढच्याचा आकडा जुळतो का?

दुपारच्या सत्रात उस्तादांनी नकाशाचा मधला भाग सोडून फक्त कडेचा समास वाचून घेतला: शीट क्रमांक, सर्वेक्षणाचं वर्ष, प्रमाण, उत्तरेचे बाण. नंतर सगळ्यांना ताकीद दिली, “झेरॉक्स काढताना समास कापायचा नाही. आणि वायरलेसवर ग्रिड द्यायच्या आधी कुठली शीट, ते बोलायचं.”