पर्सवरची लटकनं: आठव्या आठवड्याची नोंद

गेल्या नोंदीत बॅगेवर अकरा लटकनं होती. आज सहा आहेत. चार मी स्वतः उतरवली, एक हरवलं.

हरवलं ते माझं सगळ्यात जुनं सनी एंजल, म्हणजे बाळाच्या रूपातली छोटी बाहुली, स्ट्रॉबेरीची टोपी घातलेली. सनी एंजल बाळ सुमारे आठ सेंटीमीटरचं असतं आणि त्याला अडकवायला कडी नसते, म्हणून मी त्याच्यासाठी क्रोशाची छोटी पिशवी विणली होती. घरी येऊन पाहिलं तर पिशवीसकट गायब. साखळीच्या टोकाला उघडी पडलेली जंप रिंग तेवढी लोंबत होती. दोन दिवस फार वाईट वाटलं. मग भिंग घेऊन बसले आणि उरलेल्या सगळ्या कड्या तपासल्या. दहापैकी चार लटकनांच्या रिंगांना फट पडलेली दिसली.

जंप रिंग म्हणजे तारेचं वेटोळं, एका ठिकाणी कापलेलं. ती फाकवून उघडली की गोलाई बिघडते आणि पुन्हा कितीही दाबली तरी टोकं नीट भिडत नाहीत. दोन पकडी घेऊन एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे असं पिळायचं, बंद करतानाही तसंच उलट. मी सुरुवातीची सगळी लटकनं फाकवून लावली होती. आता जिथे वजन आहे तिथे जंप रिंग ठेवलीच नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेढ्याची रिंग लावली. ती घालताना नखं दुखतात, पण आपोआप उघडत नाही.

या आठवड्यातलं खरं काम मात्र दोऱ्याचं झालं, आणि ते मला नेत्सुकेकडून मिळालं. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी किमोनोला खिसे नसत. औषधाची डबी, तंबाखूची पिशवी अशा वस्तू दोरीने कमरपट्ट्याला टांगत. दोरी वरून निसटू नये म्हणून टोकाला कोरीव गुटका असे, तो नेत्सुके. त्याला दोरी ओवायला दोन भोकं, आणि मध्ये दोरीवर सरकणारा एक मणी, ओजिमे, जो खाली सरकवला की डबीचं तोंड घट्ट बसतं. चांगल्या नेत्सुकेला टोकदार कोपरा नसतो, कारण तो सतत कापडाला आणि हाताला घासतो. हे वाचलं आणि माझ्या बॅगेच्या चामड्यावरचे ओरखडे आठवले. ते सगळे साखळ्यांमुळे पडलेले होते. खेळण्यांमुळे एकही नव्हता.

म्हणून साखळ्या काढल्या. मेण लावलेला सुती दोरा घेतला, एक मिलिमीटर जाडीचा. तो दुमडून फासा पट्ट्याच्या डी-रिंगमधून, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या कडीतून काढला आणि दोन्ही टोकं त्या फाशातून ओवून ओढली. त्यावर लाकडी मणी, दोन्ही धागे एकाच भोकातून जातील असा. मणी वर सरकवला की फासा आवळून राहतो, खाली सरकवला की लटकन झुलत नाही. खाली फिरणारा हूक, म्हणजे दोऱ्याला पीळ पडत नाही. चालताना होणारा खुळखुळाट बंद झाला. बॅग शांत झाली, आणि मला ती आता जास्त आवडते.

लांबीचाही विचार केला. आधी सगळी एका उंचीवर होती, त्यामुळे तोंडाला तोंड आपटून दोघांच्या नाकाचा रंग उडालाय. आता तीन उंची आहेत. सगळ्यात जड लटकन डी-रिंगला सगळ्यात जवळ, कारण लांब दोऱ्यावर जड वस्तू जोरात झुलते आणि प्रत्येक पावलाला पट्ट्याच्या शिवणीला हिसका देते. वजनकाट्यावर सगळा जुडगा ३१० ग्रॅम भरत होता, आता १७० आहे. शिवणीचा एक टाका सुटायला आला होता, तो दुहेरी दोऱ्याने पक्का केला.

सगळ्यात जड लटकन अर्थात लबूबू. चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ मध्ये नॉर्डिक लोककथांच्या छायेतल्या चित्रकथांसाठी हा प्राणी रेखाटला, पण तो पर्सवर आला २०२३ पासून, पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीने मऊ केसाळ अंग, व्हिनाइल प्लॅस्टिकचा चेहरा आणि डोक्यावर कडी असं लटकन काढल्यावर. २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटातल्या गायिका लिसाच्या हातात तो दिसला आणि पुढचं आपण सगळे जाणतोच. माझ्या मते त्या कडीचं श्रेय मोठं आहे. कपाटात उभी राहणारी मूर्ती तिच्यामुळे बाहेर फिरायला लागली. (नवीन घेणाऱ्यांसाठी: दात मोजा, खऱ्याला नऊ असतात. दात बरोबर असले म्हणून तो खराच असतो असं नाही, पण चुकले तर नक्की नकली.)

बाहेर फिरणं त्याला मानवतंच असं नाही. गडद जीन्सचा निळा रंग व्हिनाइलच्या गालाला लागला की आत मुरतो आणि सौम्य साबणाने फक्त वरवरचा निघतो. माझ्या लबूबूच्या उजव्या गालावर तसा डाग आहे. नेलपॉलिश रिमूव्हर मी लावणार नाही, त्याने डोळ्यांचा रंगच जाईल. आता त्याचा चेहरा बाहेरच्या बाजूला राहील अशी गाठ मारलीय. आणि दुसऱ्या मऊ प्लॅस्टिकला चिकटून त्याला महिनोन्महिने ठेवू नका. व्हिनाइल मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि शेजाऱ्यालाही लागतो.

बॅगेवर स्टिकर चिकटवायचा बेत होता, तो सोडला. अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची, जिच्या नावाने बर्किन बॅग ओळखली जाते तिची, ती मूळ काळी बॅग २०२५ च्या जुलैत पॅरिसमध्ये ८६ लाख युरोंना विकली गेली, तेव्हा मी तिचे फोटो मोठे करून पाहिले. तिने चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा चामड्यावर अजून आहेत, आणि पट्ट्याला तिचं नेलकटर. लागेल तेव्हा हाताशी यावं म्हणून टांगलेली साधी वस्तू. तिच्या बॅगेवर त्या खुणा शोभतात. माझ्या बॅगेवर मला हलवता येईल असंच काही हवंय.

त्यामुळे सातवी जागा खेळण्याला द्यायची नाही असं ठरवलंय. तिथे छोटी कात्री येईल, चामड्याच्या म्यानात. म्यानाचा कागदी साचा कापून झालाय, कोपरे गोल ठेवलेत. पुढच्या आठवड्यात शिवायला घेईन. आणि स्ट्रॉबेरीवाल्याची हरवलेली क्रोशाची पिशवी नव्याने विणायला घेतलीय, यावेळी तळाशी दुहेरी टाका घालून.