नानकिन, कबोचा आणि आपले घारगे

ओसाकाच्या सुपरमार्केटात तांबडा भोपळा पाव किंवा अर्धा कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. साल गडद हिरवी, आतून पिवळाधमक. पाटीवर लिहिलेलं असतं ‘कबोचा’, पण शेजारच्या आजी त्याला ‘नानकिन’च म्हणतात. क्यूशूकडे त्याचं जुनं नाव ‘बोबुरा’. कबोचा म्हणजे कंबोडियाचा, नानकिन म्हणजे चीनमधल्या नानजिंगचा, आणि बोबुरा हा पोर्तुगीज ‘अबोबोरा’चा अपभ्रंश. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून तो जपानात उतरला. मूळ गाव मात्र यांतलं एकही नाही, तो अमेरिका खंडातला. आपल्याकडेही तिथलाच आलाय, आणि तरी साबुदाणा-बटाट्याच्या पंगतीत बसून उपवासाला चालतो! मला या भोपळ्याचं मनापासून कौतुक आहे. जिथे जाईल तिथे तो थेट सणावारात शिरतो.

इथे त्याचा दिवस म्हणजे तोजी, डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा वर्षातला सर्वांत लहान दिवस. उन्हाळ्यात काढलेला भोपळा तोवर टिकतो. पूर्वी थंडीत ताजी भाजी नसायची, तेव्हा हाच आधार. शिवाय ज्या नावात जपानीतला स्वर नसलेला ‘न्’ (ん) दोनदा येतो ते त्या दिवशी खाल्लं की नशीब उघडतं, अशी समजूत आहे. ‘नानकिन’ त्यात बसतो, ‘निनजिन’ म्हणजे गाजरही बसतं. काही घरांत तो अझुकीच्या लाल दाण्यांबरोबर शिजवतात.

रोजची भाजी म्हणजे निमोनो. ती आजींनी मला त्यांच्या ओट्याशी उभं करून दाखवली. साल काढायची नाही, फक्त मधेमधे सुरी फिरवून थोडी खरवडायची. प्रत्येक फोडीच्या धारदार कडा तासून घ्यायच्या, म्हणजे शिजताना फोडी एकमेकींवर घासून फुटत नाहीत. मग पातेल्यात एकच थर, सगळ्या फोडी साल खाली करून. दाशी (सुक्या माशाचं नाहीतर समुद्री शेवाळाचं पाणी), साखर, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), शेवटी सोया सॉस. वर पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान लाकडी झाकण थेट फोडींवरच टेकवायचं, आणि डाव अजिबात घालायचा नाही. ना फोडणी, ना तेल. आपला हात सारखा मोहरीच्या डब्याकडे जातो, पण नको. गार झाल्यावर रस आत मुरतो आणि भाजी खरी लागते.

हा आजचा कबोचा कोरडा, पिठूळ, उकडलेल्या रताळ्याच्या जवळचा. तो बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आला. पोर्तुगिजांबरोबर आलेली जुनी जात वेगळी, पाणीदार आणि मऊसर, आपल्या बाजारातल्या भोपळ्याची सख्खी भावंडं. क्योतोचा शिशिगातानी कबोचा त्यातलाच, कमरेत बारीक, अंगावर गाठी. अनराकुजी नावाच्या देवळात २५ जुलैला तो शिजवून आलेल्या सगळ्यांना वाढतात. ऐन उन्हाळ्यात खाल्ला तर अर्धांगवायू होत नाही, अशी श्रद्धा. मी खाल्लाय. चव थेट आईच्या भरताच्या वाटेनं जाणारी, फक्त दही आणि फेसलेली मोहरी हवी होती.

आता घारगे, कारण जपानातल्या मैत्रिणी हेच विचारतात. अख्खा कबोचा कापायला महाकठीण, आधी दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये फिरवा. साल काढून किसा आणि गुळाबरोबर शिजवा. आपल्या भोपळ्याला पाणी सुटतं, तो बरीच कणीक पितो. कबोचाला सुटत नाही, म्हणून कणीक हात आखडूनच घाला, नाहीतर घारगे कडक होतात. गूळही कमी, तो मुळातच गोड. चमचाभर तांदळाचं पीठ, वेलची, चिमूटभर मीठ. खसखस इथे ‘केशी-नो-मि’ नावानं मिळते, आनपानवर, म्हणजे अझुकीचं गोड पुरण भरलेल्या पावावर लावतात तीच. घारगा थापताना एका बाजूला दाबून लावा आणि मध्यम आंचेवर तळा. मोठ्या आंचेवर गुळामुळे बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. काढलेली साल टाकू नका, बारीक चिरून तिळाबरोबर परतली की चटणी होते.