आमची वाटचाल : एका तुटलेल्या लोअर आर्मपासून पुढे

आमचा कारखाना आज ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत ठरावीक अंतर कापण्याच्या शर्यतीच्या, गाड्यांसाठी मागच्या सस्पेन्शनचे आर्म (एक्सलला गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे चॅसिसशी, जोडणारे दांडे), ब्रॅकेट आणि जोड तयार करतो. सुरुवातीच्या काळात मात्र आम्ही दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून बुश (जोडात बसणारी पोकळ नळकांडी), पिना आणि स्पेसर (दोन भागांत अंतर राखणाऱ्या कड्या) करून देणारे साधे जॉबवर्कवाले होतो. लेथ, मिलिंग यंत्र आणि वेल्डिंगचे टेबल एवढ्यावर संसार चालत असे. शर्यतीच्या गाड्या बाळगणारे लोक आमच्याकडे येत ते अशाच किरकोळ कामांसाठी, आणि दिलेले माप अचूक उतरले की आमची जबाबदारी संपली असे आम्ही व ते दोघेही मानत असू. आम्ही केलेला बुश गाडीत बसल्यावर त्याच्यावर किती भार येतो, हा प्रश्न ड्रॉइंगवर लिहिलेला नसे आणि म्हणून आमच्यापर्यंत येतही नसे. तो प्रश्न आमच्या दारात आला तो आम्ही न बनवलेल्या एका भागामुळे.

एका नेहमीच्या ग्राहकाने आपल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मूळचे, पत्रा दाबून केलेले लोअर (खालचे) आर्म काढून त्या जागी बाजारात तयार मिळणारे, नळीचे आणि लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बसवले होते. ते कोणाचे होते याला येथे महत्त्व नाही, कारण तशाच बांधणीचे आर्म अनेक उत्पादक करतात. इंजिनची ताकद वाढवलेली होती, मागे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, टायर होते आणि ट्रॅकवर पकड वाढवणारे चिकट रसायन मारलेले होते. हिरवा दिवा लागला, गाडी सुटली आणि काही मीटरांतच उजव्या लोअर आर्मचा रॉड एंड, म्हणजे टोकाला गोलक जोड असलेला आट्यांचा दांडा, आट्यांपाशी तुटला. एक्सलची ती बाजू पुढे सरकली, टायर चाकाच्या कमानीत घासला आणि गाडी एका अंगाला ओढली गेली. चालकाने तत्काळ ॲक्सिलरेटर सोडल्यामुळे गाडी भिंतीपर्यंत पोहोचली नाही. या खेळात सस्पेन्शनवरचा सर्वांत मोठा भार वेग नसताना, म्हणजे सुटतानाच येतो, हे एक प्रकारे चालकाचे नशीबच म्हणावे लागेल. हाच तुकडा शर्यतीच्या ४०२ मीटर अंतराच्या शेवटाकडे सुटला असता तर परिणाम फार वेगळा झाला असता.

ग्राहकाची मागणी सरळ होती : असाच, पण जाड रॉड एंड असलेला आर्म करून द्या. आम्ही तुटलेले तुकडे ठेवून घेतले आणि आधी हिशेब मांडू, असे सांगितले.

तो हिशेब येथे थोडा सविस्तर देतो, कारण आमचा पुढचा सारा व्यवसाय त्यावर उभा आहे. चालकासह सुमारे १४०० किलो वजनाची गाडी पहिले ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर, दीड सेकंदात कापत असेल तर तिचे सरासरी त्वरण स्थूलमानाने १.६ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १.६ पट, इतके असते. याचा अर्थ मागचे टायर जमिनीपाशी गाडीला जवळजवळ सव्वादोन टन बलाने पुढे ढकलत असतात. हे बल गाडीपर्यंत पोहोचते ते एक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या आर्ममधून. पण ते सरळ वाटले जात नाही, कारण बल लागते जमिनीवर आणि आर्म असतात तिच्या बरेच वर. लोअर आर्मचा जोड जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणि अप्पर आर्मचा ४५ सेंटिमीटरवर धरला, तर एक्सल हाउसिंगला उलटे फिरू न देण्यासाठी अप्पर आर्मना मूळ बलाच्या सुमारे ०.८ पट ताण सोसावा लागतो आणि तेवढीच भर लोअर आर्मवरच्या दाबात पडते. म्हणजे दोन लोअर आर्म मिळून मूळ बलाच्या १.८ पट, चार टनांच्या आसपास, दाब घेतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन टन येतात. ही सरासरी झाली. क्लच एकदम जोडला गेल्यावर बसणारा पहिला धक्का याहून मोठा असतो. त्यातच टायर पकड सोडून पुन्हा पकडू लागला, चाक उड्या मारू लागले, की दाब आणि ताण क्षणाक्षणाला आलटून पालटून येतात. आर्मचे खरे नुकसान त्या उड्यांत होते.

तरीही हा आकडा एकट्याने रॉड एंड तोडण्याइतका मोठा नव्हता. त्या मापाचा चांगला रॉड एंड सरळ दाबात किंवा ताणात याच्या कितीतरी पट भार घेतो. म्हणून आम्ही तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला, आणि तेथे सारा इतिहास लिहिलेला सापडला. आटीच्या तळाशी एका बाजूने लहान लहान पायऱ्यांसारख्या खुणा होत्या, म्हणजे भेगा एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू झाल्या होत्या. तेथून आत एकात एक बसणाऱ्या कमानदार रेषा गेल्या होत्या, म्हणजे भेग थांबत थांबत, कित्येक धावांमध्ये वाढत आली होती. दुसऱ्या टोकाला उरलेला खरखरीत, चमकदार भाग तेवढा त्या दिवशी तुटला होता. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा हा प्रकार होता : दांडा दाबाने तुटला नव्हता, वाकवला जाऊन थकला होता.

सरळ भार वाहणाऱ्या आर्मला वाकवले कोणी, याचे उत्तर गाडीखाली झोपल्यावर मिळाले. एक्सल एका बाजूला कलतो तेव्हा आर्मच्या दोन टोकांना एकमेकांच्या तुलनेत पिळावे लागते. मूळचा पत्र्याचा उघडा आर्म स्वतः थोडा पिळला जातो आणि त्याचे रबरी बुश उरलेले सामावून घेतात. त्यामुळे तो दिसायला दुबळा असला तरी गाडीशी जमवून घेतो. नवा आर्म बंद नळीचा, म्हणजे पिळाला ताठ होता. त्याच्या एका टोकाला कडक पॉलियुरेथेनचा बुश होता, जो फिरायला मोकळा पण तिरका व्हायला नाखूश असतो. दुसऱ्या टोकाचा रॉड एंड तिरका होऊ शकत होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर इतके आखूड होते की थोडे कलताच त्याचे डोके ब्रॅकेटला टेकत असे. टेकल्याक्षणी तो जोड संपून तेथे तरफ तयार होते. भरीस भर म्हणजे पिनियनचा (एक्सलमध्ये इंजिनची ताकद आणणाऱ्या गिअरचा) कोन जुळवण्यासाठी रॉड एंड बराच बाहेर काढलेला होता. नळीत व्यासाच्या दीडपट तरी आटे गुंतलेले असावेत हा सर्वमान्य नियम येथे जेमतेम पाळला गेला होता, आणि जितका दांडा उघडा, तितका वाकवणारा आघूर्ण (तरफेचा जोर) मोठा. दांडा जागी घट्ट धरणारा जॅम नट ढिला झाल्याने आट्यांमध्ये खेळही आला होता. यातले कोणतेही एक कारण असते तर तो आर्म बहुधा आणखी बराच काळ टिकला असता.

जाड रॉड एंड बसवून यातले काहीही सुटले नसते, असे आमचे मत तेव्हा झाले आणि ते आजही तसेच आहे. आम्ही त्या ग्राहकाला रुंद स्पेसर करून दिले, दोन्ही टोकांना गोलक जोड दिले, एका टोकाला उलटे आटे ठेवले म्हणजे आर्म न काढता लांबी जुळवता येते, आणि नळी इतकी लांब घेतली की नेमका कोन साधल्यावर दांड्याचे जेमतेम दोन-तीन आटे बाहेर राहावेत. हा आमचा पहिला स्वतःचा आर्म होय.

त्या आर्मची वार्ता पसरली आणि मागणी येऊ लागली. तेव्हा दुसरा धडा समोर आला. आर्म भक्कम झाला की भार नाहीसा होत नाही, तो पुढच्या दुव्याकडे जातो. अनेक गाड्यांमध्ये लोअर आर्म चॅसिसच्या ज्या पेटीसारख्या भागात अडकतो तो पातळ पत्र्याचा आणि ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या ताकदीला तो पुरतो. ताठ आर्म आणि स्लिक टायर लावल्यावर तेथे वेल्डच्या ठिपक्यांपासून पत्रा फाटू लागतो, आणि हे फाटणे गालिच्याखाली दडलेले असल्याने मालकाला दिसत नाही. याचसाठी आम्ही एक व्यावसायिक निर्णय घेतला, जो आमच्या हिशेबनिसांना अजूनही पटलेला नाही : ठरावीक ताकदीच्या पुढे आर्म सुटा विकायचा नाही, चॅसिसच्या मजबुतीच्या पट्ट्या आणि एक्सलकडचे ब्रॅकेट यांसहच विकायचा. यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले. त्यांना आम्ही थांबवले नाही.

साहित्याबद्दल थोडेसे. नळीसाठी आम्ही ४१३० हे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरतो, ज्यात सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. या पोलादाच्या नावाची बाजारात जरा जास्तच जाहिरात होते असे आम्हांला वाटते. वेल्डच्या शेजारची उष्णतेने बदललेली पट्टी नीट सांभाळली नाही, तर महाग पोलादाचा आर्मही तेथेच तडकतो आणि साधे पोलाद नीट वेल्ड केलेले त्याहून जास्त टिकते. आमचे वेल्डर टिग पद्धतीने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि निष्क्रिय वायू वापरून) काम करतात, नळी घट्ट जिगमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) धरतात आणि वेल्ड आपोआप थंड होऊ देतात. रॉड एंड आम्ही बाहेरून घेतो, पण दाबून उमटवलेल्या आट्यांचेच घेतो. लेथवर कापलेल्या आट्यांत धातूचे तंतू कापले जातात आणि तळाशी हत्याराची खूण राहते. दाबून उमटवलेल्या आट्यांच्या तळाशी दाबाचा अवशेष राहतो आणि भेग सुरू व्हायला तेथे अडचण होते. तुटलेल्या त्या पहिल्या रॉड एंडचे आटे कापलेले होते.

बोल्टचा विषय ग्राहकांना क्षुल्लक वाटतो, आम्हांला नाही. १२.९ दर्जाचा बोल्ट १०.९ पेक्षा वरचा म्हणून तोच हवा असा आग्रह वारंवार होतो. त्याची नाममात्र ताणशक्ती १२०० मेगापास्कल आहे हे खरे. पण इतक्या कठीण पोलादावर विद्युत-मुलामा चढवताना आम्लातून आणि मुलाम्यातून हायड्रोजन आत शिरतो, आणि लगेच सुमारे २०० अंश सेल्सियसला काही तास भाजून तो बाहेर काढला नाही तर बोल्ट आवळून ठेवलेला असतानाच, कोणताही धक्का न बसता, काही तासांनी किंवा दिवसांनी तडकू शकतो. चमकणारा १२.९ बोल्ट कोणी आणून दिला तर त्याच्यावर काय प्रक्रिया झाली हे बाहेरून कळत नाही. म्हणून आम्ही १०.९ देतो, त्याचा आटे नसलेला भाग ब्रॅकेटच्या दोन्ही पाकळ्यांमध्ये येईल अशी लांबी निवडतो, आणि टॉर्क रेंचने आवळण्याचे माप सोबत लिहून देतो. नीट आवळलेला बोल्ट ब्रॅकेटला जोडाच्या आतल्या कडीवर दाबून धरतो आणि भार घर्षणाने पार होतो. ढिला राहिला तर तोच बोल्ट वाकतो आणि भोक लांबट करतो.

पहिल्या घटनेनंतर आम्ही तुटलेले भाग परत मागण्याची पद्धत सुरू केली, मग ते आमचे असोत वा इतरांचे. प्रत्येकाला क्रमांक देतो, गाडीचे वजन, टायर, ६० फुटांची वेळ आणि अंदाजे किती धावा झाल्या याची नोंद ठेवतो. रेल्वेच्या आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन त्यांचे आयुष्य मोजण्याचे काम ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात केले आणि ताण थोडा वाढला तरी आयुष्य फार मोठ्या प्रमाणात घटते हे दाखवले. आमच्या कपाटातले तुकडे तेच पुन्हा सांगतात. यातून आम्ही ग्राहकांना रॉड एंड बदलण्याचा काळ ठरवून देतो. न तुटलेला भाग बदलायला लोक नाखूश असतात, हे समजण्यासारखे आहे. म्हणून दर हंगामाच्या शेवटी आर्म आमच्याकडे आणले तर वेल्डवर रंगद्रव्य भेदन चाचणी आणि दांड्यांवर चुंबकीय कणांची चाचणी करून देतो. भेग सापडली की तो तुकडा मालकाच्या हातात ठेवतो, त्यानंतर फारसा वाद होत नाही. याच कारणाने आम्ही आर्मवर जाड पावडर कोटिंग करत नाही. ते दिसते सुंदर, पण भेगेवरही तितकेच सुंदर बसते.

आज आमच्याकडे हायड्रॉलिक सिलिंडरवर चालणारे स्वतः बांधलेले चाचणी-यंत्र आहे. त्यावर आर्म त्याच्या ब्रॅकेटसह, मुद्दाम काही अंश तिरका बसवून, दाब आणि ताण आलटून पालटून दिला जातो. सरळ बसवून घेतलेल्या चाचणीत जवळपास सगळेच आर्म उत्तीर्ण होतात, म्हणून तशी चाचणी आम्ही बंद केली आहे. सध्या त्या यंत्रावर अप्पर आर्मचा चॅसिसकडचा ब्रॅकेट आहे. त्याच्या आतल्या कोपऱ्यात, वेल्ड संपतो तेथे, पहिल्या नमुन्यात बारीक भेग दिसली, तेव्हा वेल्ड कोपऱ्यावरून पुढे वळवून घेतला आहे आणि पाकळीची त्रिज्या वाढवली आहे. दुसरा नमुना अजून यंत्रावर आहे, आणि त्याचा निकाल येईपर्यंत या ब्रॅकेटच्या मागण्या आम्ही स्वीकारत नाही.