उजनीच्या फुगवट्यावर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण. तिथून आत कुंभारगावला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. 2024 चा एप्रिल, भीमेवरच्या उजनी धरणाचा साठा कधीच उणेत गेलेला. होडीपर्यंत जायला वाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागलं. गाळाला हातभर भेगा, आणि भेगांत मेलेले शिंपले.

होडीवाले मामा मूळचे मासेमार. हिवाळ्यापासून पुढे पर्यटकांना पक्षी दाखवतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात; धरणाची ओहोटी हाच त्यांचा सुकाळ. मामांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटली. पुढ्यात चाळीस-पन्नास रोहित, चोची उलट्या करून पाणी गाळत होते. एकाने मान वर केली आणि पाठोपाठ सगळा थवा उठला. पंखांखालचा लाल रंग एकदम उघडला तेव्हा माझा श्वास अडकला.

मग मी पाण्यात हात घातला. हिरवट, बुळबुळीत. हाताला आलेला वास साबणानेही गेला नाही.

"पुण्याचं पाणी हाय ह्ये," मामा म्हणाले.

खरंच आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्यांचं सांडपाणी भीमेतून इथे येतं. वाहतं पाणी थोडंफार तरी निवळतं. इथे ते भिंतीला अडून महिनोन्महिने साचतं, घाण तळाला बसते आणि वर शेवाळ माजतं. मामांनी जाळं ओढलं तर बहुतेक चिलापीच. मूळचा आफ्रिकेचा हा मासा घाणीतही तगतो. वाम, मरळ आता क्वचितच मिळते, असं ते सांगत होते. जाळं झटकताना त्यांनी बोटभर पिल्लं मात्र परत पाण्यात सोडली.

दुपारी पळसदेवला गेलो. धरण झालं तेव्हा जुनं गाव बुडालं आणि पळसनाथाचं मंदिर पाण्याखाली गेलं. अशा दुष्काळातच ते वर येतं. खांबांवर गाळाचे थर, नक्षीच्या खाचांत वाळलेलं शेवाळ. एक आजोबा नातवाला जमिनीकडे बोट करून दाखवत होते: "हितं आपलं दार." तिथे भिंत नव्हती, उंबरा नव्हता. पोराने तरी वाकून नीट पाहिलं. ते पाहून माझे डोळे भरून आले.

उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. 'उणे' म्हणजे वापरायचं पाणी संपलं, तळाचं उपसणं सुरू. त्यावर ऊस उभा आहे, सोलापूरची तहानही आहे. सोलापूरसाठी तेव्हा बरंच पाणी नदीतून सोडत, आणि सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचेतो त्यातलं कितीतरी वाटेतच मुरायचं नि आटायचं. एका शहरासाठी एवढं पाणी वाळूत घालवणं मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी पंढरपूर. भीमाच ही, फक्त इथे चंद्रभागा. पुंडलिकाच्या देवळापाशी वाळू आणि डबकी. एक वारकरी आजी तांब्या घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"वरनं आलास ना बाळा? पाणी सोडलंय का रं?"

"नाही, आजी. अजून नाही."

त्यांनी तांब्या पदराने पुसला आणि तिथेच बसून राहिल्या.